डोक्याला ताप, मुक्काम देवळाली

माझा भाचा लेस्टरला असतो. परवा रात्री त्याचा फोन आला, तो हसतच. "मामा, आमच्या ऑफिसातल्या एक बाई आज प्रिंटरपुढे उभ्या राहून म्हणाल्या, मी आता डूलॅली होणार. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाल्या, डोकं फिरणार. शब्द तुमच्याच देशातला आहे म्हणे. मामा, हे आपलं देवळाली तर नाही ना?"

आपलंच. मुंबईहून येताना नाशिकरोडच्या एक स्टेशन आधी लागतं ते. माझी आत्या तिथे कॅम्पात चाळीस वर्षं राहिली. आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिच्या अंगणातल्या आंब्याखाली गेल्या आणि तिथे कुणाचं डोकं फिरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. फार तर कैऱ्या पाडल्यावर आत्याचं फिरायचं.

हा शब्द मुळात जोडीने आला, ‘डूलॅली टॅप’ असा. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. छावणीतल्या हिंदुस्थानी बोलीतून गोऱ्या शिपायांनी तो उचलला आणि गावाच्या नावाला जोडला. देवळालीचा ताप. पुढे इंग्रजांच्या तोंडी ताप गळून पडला आणि नुसतं डूलॅली उरलं. फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी १९२५ साली सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश छापला, त्यात हा शब्द आहे. म्हणजे पलटणींत तो त्याच्या बराच आधीपासून चालत असणार. आपण वसुलीवाल्याला, वरच्या मजल्यावर रात्री पाटा ओढणाऱ्या शेजाऱ्याला, आधार कार्डावरच्या चुकलेल्या स्पेलिंगला ‘डोक्याला ताप’ म्हणतो, तोच हा ताप. फक्त तो बोटीत बसून सातासमुद्रापार गेला.

भाच्याला मी एवढं सांगितलं आणि फोन ठेवला. पण नंतर मलाच स्वस्थ बसवेना. देवळालीत नक्की घडलं काय, ते कुठे लिहून ठेवलेलं आहे आणि मला नाशिकमध्ये बसून ते बघायला मिळेल का? मानसशास्त्राच्या आणि मनोरुग्णालयांच्या इतिहासाची बरीच दप्तरं आता इंटरनेटवर आली आहेत, एवढं ऐकून होतो. पावसाळ्याचे दिवस होते, बाहेर जायची सोय नव्हती. बसलो.

आधी गाव. १८६५ साली रेल्वे थळ घाट चढून वर आली, आणि मुंबईची गोदी देवळालीपासून एका दिवसाच्या आत आली. त्याच दशकात इथे लष्कराची वाटेतली छावणी उभी राहिली. विलायतेहून आलेली पलटण इथे उतरायची, दम खायची आणि मग देशभर पांगायची. ज्यांची नोकरीची मुदत संपली ते देशभरातून इथे गोळा व्हायचे आणि बोटीची वाट बघायचे. १८६६ च्या सुमारास ब्रिटिशांनी या कामासाठी पाच मोठी जहाजं बांधून घेतली होती: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, सेरापिस, मलबार आणि जमना. पाचांतली दोन नावं आपल्याकडची, हे गमतीचंच. या बोटी बारमाही नव्हत्या. सैन्याची ने-आण थंडीच्या दिवसांत व्हायची. उन्हाळा आणि पावसाळा मोकळा. एखाद्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली, म्हणजे हंगामातली शेवटची बोट सुटल्यावर, की तो पुढच्या हंगामापर्यंत अडकला.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा रॉयल वेल्श फ्युजिलिअर्सचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे त्याचं आठवणींचं पुस्तक १९३६ साली निघालं. देवळालीच्या तापाबद्दल जी थोडी प्रत्यक्षदर्शी माहिती मिळते, त्यात हे पुस्तक महत्त्वाचं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की इथे आलेल्या माणसाला काम नसायचं. पलटण मागे राहिलेली, रोजची कवायत नाही, खिशात साठवलेले पैसे, समोर रिकामे महिने. कुणी दारूला लागायचा, कुणी भानगडी करून तुरुंगात जायचा, कुणी रोग लावून घ्यायचा. आणि वर्षानुवर्षं चांगली नोकरी केलेले काही जण इथे येऊन विचित्र वागायला लागायचे.

इंग्रजीत या शब्दाची व्युत्पत्ती सांगताना लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, देवळालीला वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं. दोन, तिथल्या भयंकर उन्हाने माणसं वेडी व्हायची. दुसरी गोष्ट वाचून कुठलाही नाशिककर हसेल. देवळाली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. मुंबईचे पारशी, गुजराती, सिंधी पिढ्यान् पिढ्या तिथे हवापालटाला येत आले. कॅम्पातली सॅनिटोरियमं त्याचसाठी बांधलेली. ज्या हवेसाठी मुंबईकर पैसे मोजत होता, त्याच हवेने वेल्समधला शिपाई वेडा झाला, हे पटत नाही. इस्पितळाची गोष्टही अर्धीच खरी. छावणी म्हटली की लष्करी दवाखाना आलाच, आणि मनाने खचलेले शिपाईही बोटीची वाट बघत तिथे थांबत असणार. पण देवळाली म्हणजे मुळात इस्पितळ नव्हे, प्रतीक्षालय. माझ्या मते ऊन वगैरे मागाहून चिकटवलेलं आहे. माणसं वाट बघून वेडी होत होती, आणि वाट बघण्याचा दोष हवेवर टाकणं सरकारला केव्हाही सोयीचं.

गावाच्या नावाचं वेड होणं हे नवं नाही. लंडनचं बेथलेम इस्पितळ १२४७ साली स्थापन झालं आणि त्याच्या नावाच्या अपभ्रंशातून इंग्रजीत गोंधळ-गदारोळाला ‘बेडलम’ हा शब्द आला. आपणही काही कमी नाही. ‘याला आता येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला भरती करा’ हे घराघरांत ऐकलेलं आहे, आणि ठाण्यात राहणाऱ्यांनी ते मुकाट्याने गिळलेलं आहे. फरक एवढाच, की बेथलेमने आपल्या बदनाम नावाचं म्युझियम केलं. मनाचं म्युझियम, असंच त्याचं नाव. २०१५ साली ते इस्पितळाच्या आवारात नव्या जागेत उघडलं. रुग्णांनी काढलेली चित्रं, जुन्या बेड्या, दाखल्यांच्या वह्या हे सगळं तिथे आहे, आणि बरंचसं घरबसल्या बघता येतं. देवळालीत अशा म्युझियमची पाटी नाही. त्यामुळे देवळालीचा शोध एडिंबरोपासून सुरू करावा लागतो.

एडिंबरोतल्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरकारी छापील अहवालांचा मोठा साठा आहे. वैद्यकीय अहवाल त्यांनी पानागणिक छायाचित्रं काढून, मजकूर शोधता येईल अशा रीतीने इंटरनेटवर ठेवले आहेत. फुकट, नाव नोंदवायचीही गरज नाही. त्यात प्लेग आहे, देवी आहे, पटकी आहे, आणि मनोरुग्णालयांचा एक वेगळा विभाग आहे. मुंबई इलाख्याचे अहवाल उघडले की कुलाबा, पुणे, अहमदाबाद, धारवाड, रत्नागिरी, सिंधमधलं हैदराबाद ही नावं ओळीने येतात. १९०१ नंतर ठाण्याचं नौपाडा येतं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं. मग येरवडा. नाशिक कुठेच नाही. तेव्हाही नव्हतं आणि राज्यातल्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांतही, म्हणजे ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीत, ते नाही. आपल्याकडच्या रुग्णाला गाडीत बसवून लांबच न्यावं लागे.

हे अहवाल वाचायला बसणं म्हणजे एखाद्या दुकानाची खतावणी वाचणं. दाखल किती, सुटले किती. सुटलेल्यांत ‘बरे झालेले’ वेगळे, ‘सुधारलेले’ वेगळे, ‘नातेवाइकांच्या स्वाधीन केलेले’ वेगळे. मेलेले किती, कशाने. रोजची सरासरी संख्या. डोईखर्च. बागेतून भाजी किती रुपयांची निघाली, मागावर कापड किती विणलं. गुन्हेगार वेडे वेगळ्या तक्त्यात. धर्म, जात, धंदा. माणसाचं म्हणून एक वाक्य शोधायला गेलात तर पन्नास पानांत सापडायचं नाही. मध्येच एखाद्या सिव्हिल सर्जनला लिहिण्याची हुक्की येते आणि तो एखाद्या रुग्णाबद्दल चार ओळी लिहून जातो, की वाचणारा एकदम सावरून बसतो. पण ते क्वचित.

या तक्त्यांत एक रकाना असतो: वेडाचं कारण. कारणं दोन प्रकारची, शारीरिक आणि नैतिक. शारीरिकात दारू, गांजा, ताप, फेफरं, आनुवंशिकता. नैतिकात दुःख, धास्ती, पैसा बुडणं, धार्मिक उन्माद. पहिल्यांदा बघताना हा रकाना फार शहाणा वाटतो. इतकं स्पष्ट, इतकं आकड्यांत. पण त्याच ग्रंथालयाच्या त्याच साठ्यात, दोन-चार टिचक्यांच्या अंतरावर, या रकान्याचा पंचनामा करणारा दुसरा दस्तऐवज आहे, आणि माझ्या सगळ्या शोधात मला सर्वांत जास्त तोच आवडला.

तो म्हणजे हिंदुस्थानातल्या गांजा-भांग-चरसाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उठला, की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत आणि सरकार त्या गांजावर कर घेऊन पैसा कमावतंय. म्हणून १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग बसला. जवळजवळ बाराशे साक्षी घेतल्या आणि १८९४ साली कित्येक खंडांचा अहवाल दिला. गांजाने वेड लागतं, याचा पुरावा म्हणून सगळे इस्पितळांच्या अहवालांकडे बोट दाखवत होते. आयोगाने सरळ १८९२ हे वर्ष घेतलं. त्या वर्षी देशभरात दाखल झाले १,३४४. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण लिहिलेलं. आयोगाने ही एकेक केस उलटी शोधत नेली. इस्पितळातून मॅजिस्ट्रेटकडे, तिथून पोलिसांकडे, तिथून गावात, घरच्यांपर्यंत.

बाहेर आलं ते असं. १८५८ च्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे उभा करत. बरोबर एक छापील फॉर्म असे. त्यात वेडाचं कारण भरावं लागे. हवालदार काय भरणार? रस्त्यात सापडलेल्या माणसाच्या आयुष्याची त्याला काय माहिती? पण रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा. गांजा सगळ्यांना ठाऊक. ‘गांजा’ लिहिलं की काम झालं. इस्पितळातला कारकून ते उतरवून घेई, वर्षाअखेर त्याची बेरीज होई, बेरीज अहवालात छापली जाई, आणि अहवाल लंडनला पोचला की ते शास्त्र होई. नीट चौकशी केल्यावर २२२ पैकी ९८ जणांच्याच बाबतीत गांजाचा संबंध मान्य करण्याजोगा निघाला, आणि त्या ९८ पैकीही ३७ जणांत दुसरी कारणं मिसळलेली होती.

सिंहस्थात रामकुंडाच्या आसपास चिलमीचा धूर नाकात गेलेला नाशिककर याच्यावर दोन्ही बाजूंनी बोलू शकेल. माझा मुद्दा गांजाचा नाही, फॉर्मचा आहे. सरकारी फॉर्मचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, हे आपल्याला आजही कळतं. रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत आपण त्यातच वाढलो. म्हणून मला वाटतं, ही जुनी दप्तरं वाचायला मराठी वाचक परदेशी प्राध्यापकापेक्षा जास्त तयार असतो. कागदावर ‘कारण: गांजा’ दिसलं की त्याला मागे उभा असलेला हवालदार आपोआप दिसतो.

हे झालं देशी माणसांचं. देवळालीच्या गोऱ्या शिपायाची वाट वेगळी. हिंदुस्थानात गोरा माणूस वेडा दिसणं राज्यकर्त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून कंपनीच्या काळापासून त्यांना शक्य तितक्या लवकर मायदेशी धाडायची पद्धत होती. १८१८ पासून लंडनच्या हॅकनी भागातलं पेम्ब्रोक हाउस हे त्यांचं ठिकाण होतं. १८७० साली ते ईलिंगला हललं आणि १८९२ पर्यंत चाललं. तिथल्या नोंदवह्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. जर्मन इतिहासकार वॉल्ट्राउड अर्न्स्ट यांनी याच कागदांवरून ‘मॅड टेल्स फ्रॉम द राज’ हे पुस्तक १९९१ साली लिहिलं. सैनिकांची रवानगी मात्र साउदॅम्प्टनजवळच्या नेटलीला होई. तिथलं लष्करी इस्पितळ १८६३ साली उघडलं. इमारत पाव मैल लांब. १८७० साली तिच्यामागे ‘डी ब्लॉक’ नावाची वेगळी इमारत बांधली, मनोरुग्ण सैनिकांसाठी. देवळालीला बिघडलेला शिपाई बोटीतून उतरला की तिथे.

नेटलीची मुख्य इमारत १९६६ साली पाडली. पण तिथलं काही फोनवर चालताना दिसतं, अगदी शब्दशः. पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ साली, आर्थर हर्स्ट नावाच्या डॉक्टरने तोफगोळ्यांच्या धक्क्याने मन कोसळलेल्या सैनिकांचं चित्रीकरण करून घेतलं. थोडं नेटलीला, थोडं डेव्हनमधल्या सील हेन इथे. ‘वॉर न्यूरोसेस’ या नावाचा हा मूकपट लंडनच्या वेलकम संग्रहाने इंटरनेटवर ठेवला आहे, अर्ध्या तासाहून थोडा कमी.

तो मी रात्री साडेअकराला एकट्याने बघितला, आणि तसा बघू नये. एक तरुण चालतोय. गुडघे आपले नसल्यासारखे, प्रत्येक पावलाला सगळं अंग डुलतंय. एकाचा हात थांबतच नाही. एक जण खाटेजवळ बसलाय. त्याला कुठला शब्द ऐकू येत नाही, कळत नाही. कुणीतरी ‘बॉम्ब’ म्हणतं. आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पाटीवर वाचायला मिळतं. आणि तो माणूस खाटेखाली घुसतो. एखादं लहान मूल फटाक्यांना घाबरून घुसावं तसा. मग पुढची पाटी येते: उपचारानंतर. तोच तरुण नीट चालतोय, शेतात काम करतोय, कोंबड्यांना दाणे टाकतोय.

इथेही गांजाच्या रकान्याची आठवण ठेवावी. काही ‘आधीची’ दृश्यं माणूस बरा झाल्यावर मुद्दाम पुन्हा करून घेतली असावीत, असा अभ्यासकांचा संशय आहे. हर्स्टला आपली उपचारपद्धती किती झटपट गुण देते ते दाखवायचं होतं. थरथरणारे पाय खरे होते. पण ते कधी थरथरले आणि कॅमेऱ्यासमोर कितव्यांदा, हे फिल्म सांगत नाही. शिवाय तिच्यात सगळे गोरे आहेत. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कुतच्या वेढ्यात उपाशी अडकलेल्या मराठा पलटणींतले लोक पुढे तुर्कांच्या कैदेत गेले, त्यांतले जे परत आले त्यांच्या मनाचं काय झालं असेल, ते कुणी चित्रित केलं नाही. ‘डूलॅली’ हा शब्दही फक्त गोऱ्यांसाठी होता. आपला शिपाई वेडा झाला तर त्याला वेगळा शब्द मिळाला नाही.

मग आपल्या बाजूचं कागदावर काहीच नाही का? आहे, आणि तेही देवळालीपासून फार लांब नाही. पण ते मानसशास्त्राच्या कपाटात नाही. नाशिकजवळ गोदाकाठी जलालपूर आहे. लक्ष्मीबाई टिळक तिथल्या, जन्म १८६८ चा. म्हणजे देवळालीची छावणी आणि लक्ष्मीबाई साधारण एकाच वयाच्या. त्यांचे आईकडचे आजोबा, वासुदेव भगवंत जोगळेकर, १८५७ च्या बंडात फासावर गेले. त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं, नानांचं, सोवळं वाढत गेलं. वाढत म्हणजे किती, तर बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, शिवाशिवीच्या धास्तीने सगळं घर रात्रंदिवस तणावाखाली, आईचे हाल. ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातच या घरातून होते, पहिला भाग १९३४ साली निघाला. आज कुणी मानसोपचारतज्ज्ञ त्याला तीन इंग्रजी अक्षरांचं नाव देऊन मोकळा होईल. मी देणार नाही. कारण लक्ष्मीबाईंनी दिलेलं नाही, आणि त्या त्या घरात होत्या.

मला भावतं ते त्यांचं लिहिणं. मुंबई इलाख्याचा तक्ता एका रकान्यात एक शब्द लिहितो. लक्ष्मीबाई फाशी सांगतात, भीती सांगतात, पाणी सांगतात, आईची तारांबळ सांगतात, आणि हे सगळं अशा मिस्किलपणे, की वाचणारा हसतो आणि मग आपण कशाला हसलो म्हणून गप्प होतो. नानांना कुणी इस्पितळात नेलं नाही. त्यांच्यासारखे बहुतेक जण कुठल्याच अहवालात नाहीत. ते घरातच होते, घराने त्यांना सांभाळलं किंवा सोसलं. नाशिक जिल्ह्याचा मानसिक आजारांचा इतिहास कुणी खरंच लिहायला घेतला, तर त्याचं पहिलं साधन म्हणून मी हे पुस्तक पुढे करीन. लेखिका १९३६ साली गेली, पुस्तक कधीचंच हक्कमुक्त आहे.

आता जरा अमेरिकेला. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात १९६५ साली दोन प्राध्यापकांनी, जॉन पॉपलस्टोन आणि मॅरियन मॅकफर्सन यांनी, मानसशास्त्रज्ञांची कागदपत्रं गोळा करायला सुरुवात केली. आज ते कमिंग्ज सेंटर म्हणून ओळखलं जातं आणि २०१८ पासून तिथे मानसशास्त्राचं राष्ट्रीय म्युझियम आहे. स्टॅनली मिलग्रॅमची विजेच्या धक्क्याची खोटी पेटी तिथे आहे. ‘साहेबांनी सांगितलं’ म्हणून माणूस दुसऱ्याला किती छळू शकतो, हे तपासणारी. अल्बर्ट बँडुराने मुलांपुढे बडवून दाखवलेली फुगवायची बाहुली आहे. बरंच काही पडद्यावर बघता येतं.

अ‍ॅक्रनशी आपला काय संबंध? संबंध नागपूरमार्गे आहे. अ‍ॅक्रनला हेन्री गोडार्डची कागदपत्रं आहेत. गोडार्ड न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड या गावातल्या मतिमंद मुलांच्या संस्थेत होता. फ्रेंच बिनेची बुद्धिमापन चाचणी त्याने अमेरिकेत आणली, आणि तिच्या जोरावर माणसांवर जी लेबलं चिकटवली ती आज वाचवत नाहीत. त्याच व्हाइनलँडमध्ये पुढे एडगर डॉलने सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी बनवली. मूल स्वतःच्या हाताने पितं का, हात पुसतं का, बटणं लावतं का, शेजारीपाजारी एकटं जातं का, त्याच्या हातात पैसे देता येतात का. मूळ ११७ बाबी. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी तिच्या ८९ बाबी ठेवून भारतीय रूप केलं, आणि देशभर ते ‘नागपूर आवृत्ती’ म्हणूनच चालतं. मुलांच्या बुद्धिमापनाची वेक्सलर चाचणीही मालिन यांनीच इथल्या मुलांसाठी बसवली. त्याच्याही आधी, धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी रचली. त्यांचं पुस्तक १९४० साली ऑक्सफर्डने छापलं.

या वस्तू म्युझियममध्ये का नाहीत? कारण त्या अजून कामात आहेत. बौद्धिक अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मुलाला घेऊन गेलेल्या आईबापांनी त्या पाहिलेल्या असतात, फक्त नाव माहीत नसतं. बिने-कामतचा संच म्हणजे एक पेटी: चित्रांची कार्डं, मणी, ठोकळे, कोपरे मऊ झालेली प्रश्नांची पुस्तिका. मुलापुढे कार्ड ठेवलं जातं, आई खुर्चीच्या कडेवर बसते आणि उत्तर तिच्या ओठांवर येऊन थांबतं, सांगायचं नसतं. शंभर वर्षांचा इतिहास त्या टेबलावर मांडलेला असतो, पॅरिस ते धारवाड, आणि बाहेर बाकावर पुढचा नंबर बसलेला असतो. अ‍ॅक्रनला गोडार्डचं पत्र न् पत्र जपलंय. कामतांच्या पहिल्या मराठी प्रश्नांच्या हस्तलिखिताचं छायाचित्र कुठे बघायला मिळालं, तर मी रात्रीची झोप सोडून बघीन.

इंटरनेटवर ठेवलं म्हणजे जपलं, असंही धरून चालू नये. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला. खंडणीसाठी. इंडिया ऑफिसचं सगळं दप्तर, पेम्ब्रोक हाउसच्या वह्यांसकट, याच ग्रंथालयाचं. वह्या शेल्फवर सुखरूप होत्या, पण त्या कुठल्या शेल्फवर आहेत हे सांगणारी यादीच महिनोन्‌महिने धड चालेना. पुढच्याच वर्षी इंटरनेट आर्काइव्हलाही असाच तडाखा बसला. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला, जे १८४० पासून उभं आहे, गोदेचे पूर आणि वाळवी ठाऊक आहेत. ही नवी वाळवी वेगळी. तेव्हापासून माझी सवय अशी, की कामाचं पान सापडलं की ते उतरवून घ्यायचं आणि वर तारीख टाकायची.

भाच्याला हे सगळं सांगितलं, तर त्याने त्याच्या ऑफिसातल्या बाईंनाही सांगितलं. बाईंनी विचारलं, मग आता देवळालीची माणसं या शब्दाला काय म्हणतात? मी म्हटलं, काही म्हणत नाहीत, त्यांना माहीतच नाही. बीबीसीने १९७४ पासून सात वर्षं एक विनोदी मालिका चालवली, तिची सुरुवातीची छावणी देवळालीचीच होती. तीही इथे कुणी पाहिलेली नाही.

शोधायला बसणाऱ्यांसाठी एक सांगतो, मला त्यात दोन दिवस गेले. शोधाच्या चौकटीत देवळाली मराठीत टाकून काही निघत नाही. रोमन लिपीत टाकायचं, आणि तेही आपण उच्चारतो तसं नाही. ‘व’ काढून तिथे ‘ओ’ घालायचा. ‘ळ’ त्यांना येत नाही, ‘ल’ लिहायचा. शेवटी कधी एक ‘आय’, कधी दोन ‘ई’. गावाचं नाव जितकं चुकीचं लिहाल, तितकं ते जास्त सापडतं.